नव्व्याण्णवांचं काय झालं

परभणीच्या कापडबाजारात भर दुपारी रिक्षात बसलेल्या माणसाला कुणी मोठ्यानं हाक मारली, तर त्यात दचकण्यासारखं काहीच नाही. परभणीत हाक मोठ्यानंच मारतात, जवळ उभ्या असलेल्यालाही. पण भगवानराव हिवाळे दचकले, आणि असे दचकले की मांडीवरचं नव्या कोटाचं खोकं घसरून रिक्षावाल्याच्या पायाशी जाऊन पडलं. रस्त्याच्या पलीकडे बस्त्याच्या गाठोड्यावर एक पाय ठेवून पिवळ्या फेट्यातला एक म्हातारा उभा होता आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होता, "ओ पाद्रीबाबाऽ! त्या नव्व्याण्णवाचं काय झालं?"

रिक्षावाल्यानं मान मागे वळवली. "नव्व्याण्णववर आऊट झाला? कोण हो, काका?"

काका काय सांगणार, कपाळ! तो म्हातारा म्हणजे धोंडीबा. राणीसावरगावच्या बाहेर धनगरांची वस्ती आहे तिथला, मेंढरांचा मालक, आणि वीस-बावीस वर्षं भगवानरावांचा शेजारी. भगवानराव मिशनचे पाद्री. बायको घेऊन तरुणपणी त्या वस्तीला लागून राहायला गेले आणि केस पिकल्यावर परभणीच्या चर्चला बदलून आले. तेवढ्या वर्षांत वस्तीतलं एकही माणूस त्यांच्या मागून चर्चला आलं नाही, पण हा प्रश्न मात्र त्यांच्या मागून आला. धोंडीबानं तो पहिल्यांदा विचारला तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. आता पांढऱ्या झाल्या तरी उत्तर मिळालं नव्हतं, आणि धनगराचं येणं असं सुटत नसतं. धोंडीबा रस्ता ओलांडून आला, रिक्षाच्या टपावर काठीनं टकटक केली आणि आत वाकून लग्नपत्रिका त्यांच्या हातात कोंबली. "नातीचं लगीन हाय, प्रियांकाचं. आयतवारी. ताईचं तर पक्कं हाय, म्हयना झाला तिला सांगून. तुमचं काय ते बोला."

ताई म्हणजे कुसुमबाई, म्हणजे भगवानरावांची बायको. तिला महिनाभरापासून माहीत होतं आणि ती बोलली नव्हती. आणि आयतवारी म्हणजे रविवारी तर परभणीच्या चर्चमध्ये खुद्द भगवानरावांचा निरोपसमारंभ होता. शाल, श्रीफळाऐवजी फुलदाणी, आणि त्यांचं शेवटचं प्रवचन. कोट त्यासाठीच शिवला होता. रिक्षा निघाली तेव्हा त्यांच्या एका हातात खोकं होतं, एका हातात पत्रिका, आणि या दोन वस्तूंमध्ये आपण स्वतः कुठे बसलो आहोत हे त्यांना नीट कळेना.

घरी आले तर कुसुमबाई पलंगावर दोन पिशव्या मांडून भरत होती. चार लुगडी, औषधं, चष्मा, वस्तीतल्या पोरींसाठी बांगड्यांचा डबा. भगवानराव दारातच उभे राहिले. "रविवारी माझा सत्कार आहे," ते म्हणाले. "हो, माहीत आहे की. चांगला होईल," ती म्हणाली आणि तिनं पिशवीत उशी घातली. तिची स्वतःची, सावरीची, मानेखाली ती नसेल तर तिला झोप लागत नाही ती उशी. लग्नाला जाताना कुणी उशी नेतं का? लग्नाला माणूस जातं, जेवतं, आहेर देतं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतं. "परत कधी?" त्यांनी विचारलं. कुसुमबाईनं पिशवीची चेन ओढली. "बघू," ती म्हणाली. "धोंडीबाची बानू म्हणते राहा इथंच. तुमच्या रिटायरमेंटनंतर आपण दोघं करणार तरी काय या दोन खोल्यांत? तुम्हाला तर कुठंतरी बोलवणं येतंच."

बघू! परभणी जिल्ह्यात बघू म्हणजे काय असतं, हे भगवानरावांइतकं कुणाला ठाऊक होतं? याच शब्दापायी त्यांनी सायकलची तीन चाकं झिजवली होती. एकदा पालमकडच्या कुण्या गावात कुण्या माणसानं त्यांचं बोलणं ऐकून घेतलं आणि जाताना "बघू" म्हणाला. भगवानरावांना वाटलं, झालं, माणूस वळला! ते त्याच्या मागं लागले. तो या गावाहून त्या गावाला, हे त्याच्या मागं. तो आठवडी बाजारात, हे बाजारात. तो सासुरवाडीला, तर हे सासुरवाडीच्या ओट्यावर. शेवटी त्या बिचाऱ्यानं हात जोडले, की बाबा, मी नाही म्हणालो होतो, आमच्यात तसंच म्हणतात. त्या आठवड्यात इकडे कुसुमबाईला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून वेळ होता, म्हणून तर ते गेले होते. पण पोरीला घाई. बानूबाई, म्हणजे धोंडीबाची बायको, हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून धावली. भगवानराव परतले तेव्हा घरात बाजेखाली शेगडी होती, पाटा पुजून झाला होता, दारात कडुलिंबाचा टहाळा होता, आणि बानूबाईच्या मांडीवर त्यांची लेक होती, हळदीच्या बोटांनी माखलेली, नाव चंदा. नाव! नाव तर त्यांनी एस्तेर ठरवलं होतं, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. त्यांनी तसं म्हणताच बानूबाईनं वरसुद्धा बघितलं नाही. "तुमी नव्हता. पोर रडायलती. काय म्हनून हाक मारावं तिला?" मग चर्चमध्ये बाप्तिस्म्याला त्यांनी एस्तेर असं खणखणीत आवाजात म्हटलं खरं, पण ते नाव त्या दिवशी चर्चमध्येच राहिलं. आता पुण्यातल्या तिच्या बँकेत, दारावरच्या पाटीवर आणि नवऱ्याच्या तोंडी ती चंदाच आहे. बापही चंदाच म्हणतो. कुसुमबाई त्या वेळी एवढंच बोलली होती की आलात, हातपाय धुवा. पण तेव्हाही ती पिशवीची चेन ओढल्यासारखं बोलली होती, आणि ते त्यांना आत्ता, पलंगापाशी उभं राहून, ऐकू आलं.

शनिवारी ती गेली. त्यांनी तिला बसमध्ये बसवून दिलं, खिडकीशी उभे राहिले, आणि ती आत शेजारच्या बाईशी बोलत राहिली. घरी येऊन ते प्रवचनाला बसले. विषय ठरलेलाच होता. प्रत्येक पाद्रीची एक गोष्ट असते, तीच त्याला साधलेली असते, आणि भगवानरावांची गोष्ट म्हणजे मेंढपाळाची. एका माणसाची शंभर मेंढरं होती, त्यातलं एक हरवलं, तेव्हा तो नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला गेला, सापडल्यावर खांद्यावर टाकून घरी आणलं आणि शेजाऱ्यांना बोलावून आनंद केला. ही गोष्ट त्यांनी परभणीत सांगितली की बायका डोळ्यांना पदर लावत. नगरला सांगितली तेव्हा मिशनच्या मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. एकाच ठिकाणी ती गोष्ट पडली होती, साफ तोंडावर आपटली होती, आणि ते ठिकाण म्हणजे जिथं ऐकणारे सगळे मेंढपाळ होते.

केवढ्या उमेदीनं गेले होते ते! त्यांना वाटलं होतं, देवानं आपल्याला नेमक्या माणसांत पाठवलं, यांना समजावून सांगायचीसुद्धा गरज नाही. दुपारची वेळ, बाभळीची सावली, मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभी, आणि धोंडीबा आणि त्याचे भाऊबंद घोंगड्यांवर लोळत ऐकत होते. भगवानराव गोष्टीत रंगले. "आणि तो नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून..." एवढं म्हणतात तोवर धोंडीबा उठून बसला. "सोडून म्हंजे? कुनापाशी?" कुणापाशी नाही, तशीच. "तशीच? रानात? आन लांडगा?" भगवानराव म्हणाले, लांडग्याचं गोष्टीत काही नाही. "गोष्टीत नसंल, रानात असतोय की!" मग एकेकाला कंठ फुटला. शंभर मेंढरांमागं माणूस एकटाच कसा? भाऊ नाही, पोरगं नाही, बायको नाही? भांडून वेगळा निघाला होता का? कुत्रं तरी होतं का? कुत्रंही नव्हतं म्हटल्यावर एका म्हाताऱ्यानं चक्क थुंकून तोंड फिरवलं. बानूबाईचं म्हणणं वेगळंच. जे मेंढरू एकदा कळप सोडतं ते पुन्हा सोडतं आणि चार जणींना नादी लावतं; त्याला हुडकायचं कशाला, बाजार दाखवायचा. भगवानराव घाम पुसत कसेबसे शेवटाला आले, की त्याला ते सापडलं आणि त्यानं शेजाऱ्यांना बोलावून मोठी मेजवानी केली. वस्ती शांत झाली. त्यांना वाटलं, लागली गोष्ट काळजाला. तेवढ्यात धोंडीबानं अगदी मनापासून, काळजीनं विचारलं, "मग जेवनात कापलं काय? सापडलेलंच कापलं, का त्या नव्व्याण्णवातलं?"

आता हसू येतं. शनिवारच्या संध्याकाळी रिकाम्या घरात भगवानरावांनाही आलं, आणि मग त्या हसण्याचा आवाज घरात एकटाच फिरला म्हणून ते गप्प झाले. कुसुमबाई असती तर तिनं आतून विचारलं असतं, काय झालं हो. तिला ती गोष्ट तेव्हाही पटली नव्हती. तीही घोंगडीवर बायकांत बसली होती, आणि धोंडीबानं जेवणाचं विचारल्यावर सगळ्यांत आधी तीच हसली होती, तोंडाला पदर न लावता. आपलाच नवरा हरल्यावर बायको अशी हसते, याचं त्यांना त्या वेळी वाईट वाटलं होतं. पण तिनं हसायला सुरुवात केली म्हणून तर ती त्या वस्तीची झाली. ते मात्र शेजारीच राहिले. नाही म्हणायला वस्तीनं त्यांचाही मान राखला, पण आपल्या पद्धतीनं. एकदा नगरचे मोठे साहेब पाहणीला येणार होते. भगवानरावांनी आवार झाडलं, विटांना चुना दिला. पाद्रीबाबाकडे मोठा पाहुणा येतोय आणि आपण काहीच करायचं नाही, हे धोंडीबाला बरं दिसेना. धनगराची मेंढरं रानात बसवून घ्यायला शेतकरी विनवण्या करतात, धान्य देतात. मेंढरं रात्रभर बसली की जमिनीला खत मिळतं. धोंडीबानं फुकट, न सांगता, सगळा कळप रातोरात मिशनच्या आवारात बसवला. सकाळी साहेब मोटारीतून उतरले ते पहिल्याच पावलाला घसरून भगवानरावांच्या गळ्यात पडले. पांढऱ्या विटांवर, पायरीवर, प्रार्थनेच्या खोलीपर्यंत लेंड्याच लेंड्या, आणि मधोमध धोंडीबा छाती काढून उभा, शाबासकीची वाट बघत. भगवानरावांना धरणी दुभंगली तर बरं असं झालं. पण त्या वर्षी कुसुमबाईच्या वाफ्यात वांगी अशी धरली की मिशनच्या मासिकात त्यांचा फोटो आला, खाली देवाचा आशीर्वाद असं छापून. धोंडीबानं तो फोटो कापून घरात लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, ही वांगी आमच्या मेंढरांची.

प्रवचन काही उतरेना. एक वाक्य लिहावं की बाभळीखालून हरकत यायची. कुत्रं होतं का? भाऊ कुठं होता? भगवानरावांनी कागद बाजूला सारला. तोंडपाठ गोष्ट, तिला कागद कशाला, असं म्हणून ते झोपायला गेले, आणि पलंगावर तिच्या बाजूला उशी नसलेली जागा बघून त्यांना एकाएकी लहान पोरासारखं रडू यायला लागलं. वय सत्तरीचं, काय ही वेळ! त्यांनी स्वतःला दटावलं.

रविवारी चर्च भरलं होतं. दिनकरराव, म्हणजे चर्चचे सेक्रेटरी, मोगऱ्याचे हार मोजत इकडून तिकडे पळत होते. भगवानराव नव्या कोटात उभे राहिले. कोट काखेत काचत होता. समोर पुढच्या बाकावर भिंतीकडची जागा, तिथं कुसुमबाई बसायची. प्रवचन लांबलं की ती पायातली चप्पल काढून पुन्हा घालायची, आणि तो आवाज आला की भगवानराव दोन वाक्यांत आटोपायचे. आज कुणी चप्पल वाजवणार नव्हतं. आज ते हवं तितकं बोलू शकत होते. "एका माणसाची शंभर मेंढरं होती," त्यांनी सुरुवात केली. पुढच्या बायकांनी पदर तयार ठेवले. "त्यातलं एक हरवलं. आणि तो... नव्व्याण्णव मेंढरं..." ते थांबले. सगळे तोंडाकडे बघत होते, म्हातारी, पोरं, नवी सून, खोकणारा दमेकरी. किती विश्वासानं बघत होते! आणि भगवानरावांना स्वच्छ दिसलं की गोष्टीतल्या त्या माणसाला मागं राहिलेल्यांची तोंडं दिसलीच नव्हती. त्यानं वळून बघितलंच नव्हतं. ज्यानं बघितलं नाही त्याला काय झालं ते कसं माहीत असणार? इतकी वर्षं धोंडीबा एका सरळ गोष्टीचं उत्तर मागत होता आणि हे त्याला समजावत होते. "बंधूंनो," भगवानराव म्हणाले, "मी आलोच." आणि ते बाजूच्या दारानं बाहेर पडले.

मंडळींना यात वावगं काही वाटलं नाही. पाळकसाहेबांना साखरेचा त्रास आहे, या वयात मधेच उठावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दिनकररावांनी समजूतदारपणे एक गाणं सुरू केलं. ते संपलं, दुसरं केलं. भगवानराव तोवर राणीसावरगावच्या वाटेवर, गंगाखेडच्या जीपमध्ये पाठीमागच्या बाकावर, दोन कोथिंबिरीच्या पोत्यांमध्ये, नव्या कोटात बसले होते. फोन वाजला. दिनकरराव दबक्या आवाजात विचारत होते, "साहेब, बरं आहे ना? कडी आतून लागली आहे का? माणूस पाठवू?" भगवानराव म्हणाले, "नको, नको. तुम्ही गात राहा." मागून गाण्याचा आवाज येत होता. त्यांना लाज वाटायला पाहिजे होती, आणि वाटतही होती. पण तिच्या खालून पोटात शाळा बुडवल्याची गंमतही उसळत होती.

वस्तीवर मांडव घातलेला होता, अक्षता कधीच पडून गेल्या होत्या, शेवटची पंगत चालू होती. भगवानरावांनी पाय ठेवताच कुणीतरी भंडारा उधळला आणि कोटाचे दोन्ही खांदे पिवळे झाले. धोंडीबा धावतच आला. "आलाव का! पन आज तर तुमचं ते हुतं ना चर्चात? मान्सं जमली नव्हती?" जमली होती. "मग?" सोडून आलो. धोंडीबाचा हसरा चेहरा उतरत गेला. "सोडून? तशीच बसलीत? कोन हाय त्यांच्यापाशी?" भगवानरावांनी दिनकररावांचं नाव सांगितलं. "त्याला येतंय का?" नाही, म्हणाले भगवानराव, त्याला फक्त गाणी येतात. धोंडीबानं कपाळावर हात मारून घेतला. "आरं देवा! येवढी वर्सं घसा कोरडा करून इचारायलोय, आन ह्यो मानूस पुन्हा तेच करून आला!"

बायका हसल्या. भगवानराव हसले नाहीत. त्यांनी धोंडीबाचा हात धरला, आणि जीपमध्ये बसल्यापासून घोळवलेलं वाक्य त्यांच्या तोंडून भलत्याच घाईनं बाहेर पडलं. "धोंडीबा, मला आत्ता कळलं. मी जायचो तेव्हा ती नव्व्याण्णव तुम्ही सांभाळली."

धोंडीबा गोंधळला. त्यानं डोक्यावरचा फेटा नीट केला, आठवून बघितल्यासारखं केलं. "नव्व्याण्णव कुटली, बाबा," तो म्हणाला. "दोनच तर व्हती. ताई आन चंदा."

भगवानरावांनी मांडवभर नजर फिरवली. मांडवाच्या पलीकडे, चुलीपाशी, कुसुमबाई बानूबाईच्या शेजारी बसून पाहुण्यांची पानं लावत होती, कपाळाला हळद, आणि त्यांना बघूनही उठली नव्हती. ते तिच्याकडे गेले. परत चल म्हणायला ते आले होते, आणि तिथं उभं राहिल्यावर ते शब्द तोंडात येईनात. हिला परत नेणारे आपण कोण? घराच्या दाराशी खुंटीवर तिची पिशवी लटकत होती, रिकामी, आणि आतल्या बाजेवर उशी दिसत होती, चांगली झटकून मांडलेली.

"कुसुम," ते म्हणाले, "मी पण राहू का?"

एवढ्या वर्षांत त्यांनी तिला एकदाही असं काही विचारलं नव्हतं. येतो म्हणाले होते, जातो म्हणाले होते. कुसुमबाईनं हातातली पत्रावळ खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. "मला काय विचारता," ती म्हणाली, "घर बानूचं आहे."

बानूबाईनं त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं, पिवळा झालेला कोट, धुळीचे बूट, सगळं.

"राहा की," ती म्हणाली. "पन मधीच उठून कुनाला हुडकायला जायचं न्हाई."

भगवानराव ओट्यावर टेकले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले.